पलीकडच्या गावातल्या पाट्या

बंधाऱ्यात पाणी अडवायच्या, हरवलेल्या लोखंडी पाट्या मला नोकरीत कुठे कुठे सापडल्या, हे सांगायला बसलो तर मी थापा मारतोय असं वाटेल. एक पाटी एका सरपंचाच्या दारासमोर नालीवर टाकलेली होती आणि तिच्यावरून त्यांची मोटारसायकल आत-बाहेर करायची. एक बकऱ्यांच्या गोठ्याचं दार झाली होती. मंगरूळपीरजवळच्या एका लग्नात मी पंगतीला बसलो, तर बुंदीच्या भट्टीला वाऱ्याचा आडोसा म्हणून आमचीच पाटी उभी केलेली. खात्याचा नंबर पांढऱ्या रंगात स्वच्छ दिसत होता. माझी नजर तिकडे गेलेली पाहून यजमान ताटासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "साहेब, आज जेवून घ्या. पाटी उद्या घेऊन जा." मी जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी पाटी मोजून ताब्यात घेतली.

अशा गमतींवर अख्खा लेख निघेल, आणि दिवाळी अंकाच्या संपादकांना तोच हवा होता. मीही तोच लिहायला घेतला होता. पण जुने कागद काढले, एका बंधाऱ्यावर पुन्हा जाऊन आलो, आणि तिथून परतल्यापासून गमती सुचेनाशा झाल्या. म्हणून त्या एकाच बंधाऱ्याबद्दल सांगतो. गावांची आणि माणसांची नावं मी बदलली आहेत. माझी चूक मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

मी मूळचा इंझोरीचा. छोटे बंधारे सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात सहायक म्हणून लागलो आणि कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झालो. लोक साहेब म्हणायचे, पण निम्मा जन्म चिखलात गेला. काम समजायला सोपं आहे. नदीत आडवी खांबांची रांग उभी असते. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात. खांबांना खाचा असतात. पावसाळाभर सगळे गाळे उघडे ठेवायचे, म्हणजे पूर निघून जातो. पाऊस संपत आला की खाचांमधून लोखंडी पाट्या एकीवर एक सोडायच्या. पाणी अडतं, काठच्या विहिरी भरतात, त्यावर हरभरा आणि गहू निघतो. उन्हाळ्याच्या शेवटी पाट्या काढून गावात ठेवायच्या. यात यंत्र काहीही नाही. दोन साखळ्या, दोन आकडे आणि आठ माणसं एवढ्यावर भागतं. पाट्यांच्या फटींतून पाणी गळायला लागलं की वरच्या अंगाने टोपल्यांनी सोयाबीनचं कुटार टाकायचं. पाणी स्वतःच ते भुसकट ओढून फटीत बसवतं आणि गळती थांबते. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. रुईखेडच्या बापूरावांनी शिकवलं.

कौशल्य आहे ते फक्त वेळ ओळखण्यात. पाट्या लवकर टाकल्या आणि परतीचा पाऊस आला, तर पूर अडतो आणि काहीतरी फोडून बाहेर पडतो. उशिरा टाकल्या तर अडवायला नदीत पाणीच उरत नाही. मधले जे चार-आठ दिवस असतात, ते ज्याला कळले त्याला बंधारा कळला.

मी सांगतोय तो बंधारा जिल्ह्याच्या हद्दीवर आहे. नदी हीच हद्द. अलीकडे आमच्या वाशीम जिल्ह्यातलं रुईखेड आणि पलीकडे शेजारच्या जिल्ह्यातली धानोरी. बारा गाळ्यांपैकी सहा आमच्या ऑफिसच्या यादीत आणि सहा त्यांच्या ऑफिसच्या. नदीला कागदावर नाव आहे, पण दोन्ही काठचे लोक तिला नुसतं नदी म्हणतात.

बदली होऊन तिथे गेल्यावर पहिलं काम म्हणून मी पाट्या मोजायला घेतल्या. रुईखेडच्या पाणी संस्थेचे अध्यक्ष बापूराव मला ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत घेऊन गेले. सत्तरीच्या घरातला, कमी बोलणारा माणूस. खोलीत पाट्या नीट रचलेल्या होत्या, पण एकीचाही नंबर माझ्या यादीशी जुळेना. मला वाटलं, अख्खा साठाच कोणीतरी बदलला. मी घाबरून बापूरावांकडे पाहिलं, तर ते शांतपणे म्हणाले की ह्या धानोरीच्या आहेत, आपल्या पाट्या धानोरीत आहेत.

मग त्यांनी मला रीत सांगितली. त्यांच्या तरुणपणी एका वर्षी रुईखेडने आपले सहा गाळे धानोरीला न विचारता बंद केले. त्यावरून बंधाऱ्यावरच काठ्या चालल्या आणि दोघांची डोकी फुटली. त्यानंतर दोन्ही गावच्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं की तुमच्या पाट्या आम्ही सांभाळू आणि आमच्या तुम्ही सांभाळा. पाऊस संपला असं दोन्ही गावांना वाटलं की एकाच दिवशी दोघं एकमेकांच्या पाट्या घेऊन बंधाऱ्यावर यायचे, अदलाबदल व्हायची, आणि मग दोन्हीकडून काम सुरू. उन्हाळ्यात काढतानाही पाट्या पुन्हा समोरच्या गावात जायच्या.

"त्यायले वाटलं पाऊस अजून बाकी हाय, तं ते आपल्या पाट्या आनतच नाहीत," बापूराव म्हणाले. "आपल्याले वाटलं, तं आपुन त्यायच्या नेत नाही. दोघायचं जमन तवाच बंधारा बंद होते."

मी हसलो होतो. आज आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा मला ते खेडवळ हट्टापलीकडे काही वाटलं नाही. दोन ट्रॅक्टरचं डिझेल फुकट जातंय, साठ्याची यादी जुळत नाही, तपासणीला येणारा प्रत्येक जण त्यावर शेरा मारतोय, एवढंच मला दिसत होतं.

त्याच सुमारास वरून नवीन धोरण आलं. बंधारे त्या त्या गावच्या पाणी संस्थेच्या ताब्यात द्यायचे. धोरण वाईट नव्हतं. पाणी ज्याचं त्यानेच बंधारा सांभाळावा, यात चुकीचं काय? पण एकच संस्था दोन जिल्ह्यांत नोंदवता येत नव्हती, म्हणून एका बंधाऱ्याच्या दोन संस्था झाल्या. आणि पत्रात एक ओळ होती की प्रत्येक संस्थेने आपापलं साहित्य आपल्याच ताब्यात ठेवावं. लिहिणाऱ्याने ती ओळ सगळ्या राज्यासाठी लिहिली असेल. रुईखेड आणि धानोरी त्याच्या ध्यानीमनीही नसतील. मला मात्र ती ओळ सापडल्यावर फार आनंद झाला. एका रविवारी मी दोन ट्रॅक्टर लावले आणि सगळ्या पाट्या ज्याच्या त्याच्या गावात पोचवल्या. फोटो काढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी यादी नंबरसकट जुळली.

बापूराव दिवसभर बाजूला उभे होते. संध्याकाळी निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, आता आमी त्यायले न इचारताही बंद करू शकतो. हे बरं झालं का?"

मी म्हणालो, "तुम्ही विचाराल की हो. आता तर दोन्हीकडे संस्था आहेत, ऑफिसं आहेत, फोन आहेत."  पुढे त्या कामाबद्दल मला जिल्ह्याच्या कार्यक्रमात प्रशस्तिपत्र मिळालं. बायकोने ते चौकट करून बैठकीत लावलं.

आता सुमनबाईबद्दल सांगतो. धानोरीच्या बाजूला बंधारा जिथे काठाला टेकतो, तिथे लागूनच तिचं तीन एकर शेत होतं आणि शेतात विहीर होती. त्या वस्तीवरची बहुतेक घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. सुमनबाई आणि तिचा नवरा पंढरी हेही कित्येक वर्षं गेले होते. गळके गाळे दुरुस्त होऊन बंधाऱ्यात पाणी थांबायला लागलं तशी तिची विहीर मार्चपर्यंत टिकू लागली, हरभऱ्यामागून भाजीपाला निघू लागला, आणि तिने तोडीला जाणं बंद केलं. मी पलीकडची बाजू पाहायला गेलो की तिच्या बाभळीखाली पाणी प्यायला थांबायचो. सहा वर्षं झाली, कोयता भिंतीला गंजून राह्यला, असं ती मला दर खेपेला सांगायची. मुलगी धानोरीच्या शाळेत जायची. आमच्या खात्याच्या पुस्तिकांत सिंचनाखाली किती क्षेत्र आलं ते छापतात. मला स्वतःला खात्याचा अभिमान वाटला तो त्या बाभळीखाली.

पाट्या हलवल्या त्याच वर्षीची गोष्ट. आमच्या जिल्ह्याचं पत्र दसऱ्याच्या आधीच आलं की गाळे बंद करून अहवाल द्यावा. पलीकडच्या जिल्ह्याचं पत्र होतं की परतीचा पाऊस पूर्ण थांबेपर्यंत घाई करू नये. दोन्ही पत्रं आपापल्या जागी बरोबर असतील. पण नदी एक होती. मी वरिष्ठांना फोन करून विचारलं की धानोरीसाठी थांबायचं का. त्यांचं ते पाहतील, आपला अहवाल कोरा जायला नको, असं उत्तर मिळालं. बापूरावांनी मला विचारलं की तिकडे सांगितलं का. मी सांगितलं की पत्राची प्रत पाठवली आहे. खरंच पाठवली होती. ती त्यांच्या ऑफिसात कोणी उघडली का, हे मी विचारलं नाही.

रुईखेडच्या माणसांनी आमचे सहा गाळे बंद केले, कुटार टाकलं, मी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. अर्धा बंधारा बंद करून पाणी अडत नाही, हे कोणालाही कळेल. मलाही कळत होतं. सगळी नदी त्यांच्या सहा गाळ्यांतून, त्यांच्या काठाला घासून चालली होती. चार दिवसांत ते बंद करतील आणि सगळं जागेवर येईल, असा माझा हिशेब होता.

तिसऱ्या दिवशी वाशीमला कार्यशाळा होती. विषय होता लोकसहभाग आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतला समन्वय. मला तिथे बोलायला बोलावलं होतं, पाट्या ज्याच्या त्याच्या गावात पोचवल्या त्यावरच. सकाळपासून पाऊस लागला होता. दुपारी बाराच्या सुमाराला, माझी पाळी येणार तेवढ्यात, फोन वाजला. माझा नंबर मीच हौसेने बंधाऱ्याच्या फलकावर रंगवून घेतला होता. मी व्हरांड्यात गेलो. सुमनबाई बोलत होती.

"साहेब, तुमच्याकडच्या पाट्या काढाले सांगा. पानी सारं माह्या बाजूनं येऊन राह्यलं. बंधाऱ्याच्या भिंतीमागची माती चालली."

मी विचारलं, "तुमच्या ऑफिसला सांगितलं का?"

"तिथं कोनी उचलून नाही राह्यलं. तुमचे मानसं तिकडच्या काठावर उभेच हायेत. तुमी हो म्हना, ते काढतीन. अजून काढता येतात."

ते खरं होतं. दुपारी बाराला पाणी इतकं चढलं नव्हतं की पाट्या निघाल्या नसत्या. साखळ्या तिथेच होत्या, माणसं होती, बापूराव होते. पण पाट्या आता संस्थेच्या ताब्यात होत्या आणि अभियंत्याच्या लेखी आदेशाशिवाय हात लावला तर कारवाई होईल, हे मीच सभा घेऊन बजावलं होतं. एक फोन करायचा होता. मी तिला म्हणालो, "बाई, तुमच्या जिल्ह्यातून पत्र येऊ द्या. असं तोंडी मला करता येत नाही."

 तिने फोन ठेवला. मी आत गेलो आणि भाषण केलं. मागच्या पडद्यावर दोन ट्रॅक्टरचा फोटो होता. टाळ्या चांगल्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुईखेडच्या काठावर पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. समोर जे होतं ते पाहून पहिली एक-दोन मिनिटं मला काही समजलंच नाही. बंधारा जसाच्या तसा उभा होता. आमची एकही पाटी हलली नव्हती. पण बंधाऱ्यातून पाणी जात नव्हतं. त्यांच्या सहा गाळ्यांत चिखल आणि झुडपं अडकलेली होती, आणि नदी बंधाऱ्याला वळसा घालून त्याच्या पलीकडून वाहत होती. तिथे कालपर्यंत शेत होतं. लाल गढूळ पाण्याच्या मधोमध विहिरीचं बांधलेलं गोल कडं तेवढं वर दिसत होतं. बाभूळ नव्हती. मी नोकरीत पूर पुष्कळ पाहिले, फुटलेले तलाव पाहिले, पण असं काही पाहिलं नव्हतं. मी खाली चिखलात बसलो. पॅन्ट चिखलाने भरली तेही कळलं नाही.

बापूराव तिथे नव्हते. पलीकडच्या काठावर लोक जमले होते आणि त्यांच्यात सुमनबाई उभी होती. मधे नदी होती, तरी तिने मला पाहिलं हे मला कळलं. तिने हाक मारली नाही, शिवी दिली नाही. नुसती पाहत राहिली.

आठ दिवसांनी संयुक्त पाहणी झाली. माझ्या सगळ्या नोकरीत दोन जिल्ह्यांचे अधिकारी त्या बंधाऱ्यावर एकत्र आले ते तेवढ्या एका दिवशी. इतकी वर्षं ज्यांचं एका तारखेवर एकमत होत नव्हतं, त्यांचं अहवालातल्या शब्दांवर अर्ध्या तासात झालं. अतिवृष्टीमुळे नदीने पात्र बदलले. यात आमचाही दोष नाही आणि त्यांचाही नाही. समन्वय म्हणतात तो मी असा पाहिला. माझं अक्षर चांगलं म्हणून अहवाल मीच लिहिला.

शेवटी सुमनबाईला पुढे बोलावून विचारलं की तुमची कोणाविरुद्ध काही तक्रार आहे का.  फोनवरचं एक वाक्य तिने सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणाली. मग एकेक अक्षर काढत सही केली. मला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की मी वाशीमला येताना वाटेत थांबून चहा घेतला. बिचारीला कशात काय ते समजलंच नाही, असं मी मनाची समजूत घालून मोकळा झालो. त्या पूर्ण प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज त्या चहाची वाटते.

चार महिन्यांत माझी बदली झाली. पुढे निवृत्त झालो. प्रशस्तिपत्र कधीतरी मीच भिंतीवरून काढलं. बायकोने कारण विचारलं तेव्हा रंगाचं निमित्त सांगितलं.

पुरानंतर आठ-नऊ वर्षांनी, या लेखाच्या निमित्ताने, मी पुन्हा गेलो. आधी रुईखेडला. बापूराव वारले होते. ग्रामपंचायतीची ती जुनी खोली उघडी होती, म्हणून सवयीने आत डोकावलो आणि पाट्यांवरचे नंबर वाचले. पाट्या धानोरीच्या होत्या. सहा गाळ्यांच्या सगळ्या, पूर्वी होत्या तशाच रचलेल्या. कागदावर त्या इथे असायलाच नकोत. मी शिपायाला विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, पूर आला त्याच वर्षापासून. कोणी आणल्या असं विचारलं तर म्हणाला, हे धानोरीच्या सुमनबाईले इचारा, तिनंच आनाले लावलं होतं.

पुलावरून फिरून धानोरीला जायला बसने तास लागतो. सुमनबाईचं घर वस्तीवर तिथेच होतं. दारात एका तरुण बाईने, कडेवर लहान मूल घेऊन, मला पाणी दिलं. ही सून असावी असं मी धरून चाललो. सुमनबाई बाहेर आली, तिने मला ओळखलं आणि सतरंजी टाकली. तिचे केस पिकले होते. पंढरी बाहेर गेला होता. मी इकडचं तिकडचं बोलण्यात वेळ घालवला आणि शेवटी विचारलं की त्या दिवशी तिने फोनचं का सांगितलं नाही.

ती म्हणाली, "तुमचे साहेब लोक यायच्या पह्यले बापूराव आले होते माह्या घरी. रडले ते. म्हने, बाई, आमच्या गावाचं चुकलं. पन तू बोलशीन तं केस होइन, अन् केस निपटेपर्यंत बंधाऱ्याले कोनी हात लावू देनार नाही. दोन गावचा हरभरा जाइन. मंग मी म्हनलं, नाही बोलत. पन पाट्या पह्यले होत्या तशा ठेवा. आमच्या तुमच्याकडं, तुमच्या आमच्याकडं."

 ज्या बाईला काही समजलं नाही असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, तिला त्या पाहणीत सगळ्यांपेक्षा जास्त समजलं होतं. आम्ही दोन ऑफिसांनी स्वतःला वाचवलं. तिने बंधारा वाचवला, आणि तोही पुन्हा तसं होणार नाही अशी तजवीज करून. वाहून गेलेली बाजू पुढे नव्या भिंतीने बांधली गेली. दोन्ही गावं आजही एकाच दिवशी गाळे बंद करतात. फक्त काठाला लागून असलेलं तिचं शेत आता दगडगोटे आणि वाळू आहे.

मी विचारलं की मग गावांनी तिच्यासाठी काय केलं. तिने सांगितलं की दोन्ही गावांनी मिळून तिला पेरायला जमीन द्यायची असं ठरलं होतं. पहिल्या वर्षी दिली. दुसऱ्या वर्षी कोणी नाव काढलं नाही, आणि ती मागायला गेली नाही. दिवाळी झाल्यावर ती दोघं पुन्हा ऊसतोडीला गेली.

"तुम्हाला राग नाही आला?"

"येते ना. काहून नाही येनार?" ती म्हणाली. "तुमी आता दारात दिसले, तवाही आला."

मला मुलगी आठवली. शाळेत जायची ती. मी विचारलं, तिच्या शाळेचं काय केलं मग?

सुमनबाईने दाराकडे पाहिलं. ती तरुण बाई चौकटीला टेकून उभी होती आणि आमचं बोलणं ऐकत होती.

"हे काय, आली हाय माहेरी," सुमनबाई म्हणाली. "एवढ्या पोरीले घरी कोनाच्या भरोशावर ठेवावं? सोबत न्यावं तं तोडीवरच्या खोपीले दार नाही. दहावीचा फारम भरला होता तिनं. शाळा कवाच सुटली म्हून सोयऱ्यायले सांगतलं, लगन लावून देल्लं, अन् आमी चौथ्या दिवशी तोडीच्या गाडीत बसलो."

मी हिशेब केला नाही. करायची गरज नव्हती. दहावीतली मुलगी किती वर्षांची असते हे सगळ्यांना माहीत आहे. कडेवरचं मूल तिचं दुसरं होतं. थोरला शाळेत जातो, असं सुमनबाई पुढे सांगत होती, पण माझं लक्ष नव्हतं.  संयुक्त पाहणीच्या त्या अहवालात शेतजमीन, विहीर, झाडं अशा रकान्यांनंतर एक रकाना मनुष्यहानीचा होता. त्यात मी माझ्या चांगल्या अक्षरात 'निरंक' असं लिहिलं होतं. कोणी बुडालं नव्हतं म्हणून. तो अहवाल दोन्ही जिल्ह्यांनी मंजूर केला आहे आणि आता तो कोणालाही बदलता येणार नाही.

निघताना मी त्यांना सांगितलं की मी हे सगळं दिवाळी अंकात लिहिणार आहे. सुमनबाई म्हणाली, लिहा, फोनचंही लिहा. मी मुलीला विचारलं की तुझ्याबद्दल लिहिलं तर चालेल का.

तिने मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"लिहा. पन माहं नाव नका टाकू," ती म्हणाली. "मी दहावीचा फारम भरला होता, हे सासरी अजून कोनाले मालूम नाही."